एकच थंडी, वेगवेगळी कुलपं

कानटोपी घाला, मोजे जाड घ्या. जानेवारी १९५१. पश्चिम जर्मनीतल्या हेसन राज्यात, फोगल्सबर्ग नावाच्या डोंगराळ मुलखातलं एक खेडं. उजाडायला अजून तासभर आहे आणि तुम्ही एका शेतकऱ्याच्या अंगणात हात चोळत उभे आहात. पायाखालचा दगड ओळखीचा वाटेल. काळा, कठीण बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीच्या जातीचा; मध्य युरोपात ज्वालामुखीच्या खडकाचा सगळ्यात मोठा सलग प्रदेश तो हाच. बाकी ओळखीचं फारसं काही नाही. लाकडी चौकटीत माती लिंपून केलेल्या भिंती, घराला चिकटून गोठा, आणि चुलाणावर उकळत असलेला पाण्याचा मोठा हंडा.

आज या घरी डुक्कर कापायचंय. ज्यांना बघवत नसेल त्यांनी विहिरीकडे तोंड करून उभं राहावं, पण गोष्ट कळायची तर इथून निघता येणार नाही. थंडीच्या तीन-चार महिन्यांत दारोदार जाऊन हे काम करणारा खाटीक सुऱ्यांची पिशवी घेऊन आलाय. जनावर पडतं, लाकडी डोणीत उकळत्या पाण्याने त्याचे केस खरवडले जातात, मग मागचे पाय बांधून ते शिडीवर टांगलं जातं. घरची म्हातारी एका पातेल्यात रक्त सतत ढवळत बसली आहे; हात थांबला की ते गोठतं आणि रक्ताच्या सॉसेजची वाट लागते. थोड्या वेळाने सरकारी तपासनीस येतो, मांसाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली धरून जंत नाहीत ना ते बघतो, आणि शिक्का मारतो. शिक्का बसेपर्यंत कुणी तोंडात काही टाकत नाही.

दुपारनंतर खरी धांदल. दीडशे किलोंचं जनावर आणि घरात माणसं सात. बाहेर हिमाची थंडी आहे तोवर मांस टिकेल, पण थंडी काही कुणाच्या मालकीची नाही. परवा वारं फिरलं तर? म्हणून मांड्या मिठात जातात, पट्टे धुरात टांगले जातात, चरबी वितळवून मडक्यात ओतली जाते, आणि उरलेलं मांस बरण्यांत. या बरण्या नीट बघून घ्या. जाड काच, काचेचंच झाकण, मध्ये रबराची रिंग, वर लोखंडी चाप. १९०० साली बाडेनमधल्या ओफलिंगन गावात योहान वेक आणि त्याच्या भागीदाराने ही कंपनी काढली आणि पन्नास वर्षांत जर्मनीतलं एकही तळघर तिच्या बरण्यांवाचून राहिलं नाही. भरलेल्या बरण्या हंड्यात दोन-दोन तास उकळायच्या. आतली हवा निघून गेली की झाकण आपोआप घट्ट बसतं.

संध्याकाळी पोरांच्या हातात एकेक डबा दिला जातो. सॉसेज उकळून उरलेलं रसदार, तवंग आलेलं पाणी, आणि त्यासोबत ताज्या मांसाचा एखादा तुकडा. हा डबा शेजारी पोचवायचा. शेजारच्या घरचं डुक्कर तीन आठवड्यांनी कापलं जाणार आहे, तेव्हा तिकडून डबा येईल. एकाच दिवशी सगळ्यांनी कापलं तर ताजं मांस कुणालाच धड पुरणार नाही, म्हणून गावाने तारखा आपसूक पुढे-मागे ठेवल्या आहेत. याचा हिशेब कुठे लिहिलेला नाही, पण गेल्या वर्षी कुणी बारका तुकडा पाठवला हे म्हातारीला पक्कं आठवतं.

आपल्याकडचे वाटे आठवा. गावात बोकड पडतो, पळसाच्या किंवा केळीच्या पानांवर सारखे ढीग लागतात, कलेजी थोडी थोडी सगळ्यांत, आणि दुपारपर्यंत दहा-बारा घरांच्या चुलीवर तोच रस्सा रटरटत असतो. शिल्लक काही उरतच नाही. आपल्या उन्हाळ्यात टिकवण्याची एवढीच खात्रीची रीत होती. हेसनच्या म्हातारीचा डबा हाही तोच उपाय, फक्त तीन आठवड्यांच्या उधारीवर.

अडचण जुलैत येते. कापणीचे दिवस, चौदा-चौदा तास रानात, माणसांना खाऊन ताकद हवी, आणि घरात ताजं मांस औषधालाही नाही. खारवलेलं, धुरावलेलं नि बरणीतलं. तोच तो खारट, मऊ पडलेला चोथा. आठ महिने.

आता सहा वर्षं पुढे या. १९५७, तेच खेडं, सप्टेंबरची दुपार.

चर्चजवळ एक नवी इमारत उभी आहे, साधी, चुना मारलेली, गावाच्या मानाने जरा जास्तच सरळ रेषेतली. हे गावाचं समाजघर. हेसनचे मुख्यमंत्री गेओर्ग आउगुस्ट झिन यांच्या सरकारने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला खेड्यांच्या सामाजिक उभारणीचा कार्यक्रम हाती घेतला, त्यातून अशी शेकडो घरं पुढे उभी राहिली. कारण अगदी व्यवहारी होतं. युद्धानंतर पूर्वेकडून हाकललेली लाखो जर्मन माणसं या खेड्यांत येऊन पडली होती. गावातले पुरुष कारखान्यांत जाऊ लागले होते. शेत, गोठा, पोरं, म्हातारी माणसं, सगळं बाईच्या डोक्यावर. घरोघरी न्हाणीघर नाही, धुण्याचं यंत्र तर दूरच. प्रत्येक घराला ही यंत्रं घेणं शक्य नव्हतं, पण एका गावाला एक घेणं शक्य होतं. म्हणून समाजघरात एक सभागृह, एका बाजूला कपडे धुण्याची यंत्रं, न्हाणीच्या खोल्या, काही ठिकाणी वाचनालय, आणि मागच्या अंगाला, वेगळ्या दाराची, गोठवणखोली.

दार ढकला. आत अरुंद बोळ आहे. बाहेरच्यापेक्षा थोडा गार, पण कुडकुडायला होईल असा नाही. दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगाची लहान जाड दारं, खालीवर दोन रांगांत, प्रत्येकावर आकडा आणि प्रत्येकाला कुलूप. भिंतीमागे कुठेतरी यंत्राची घरघर चालू आहे. कोपऱ्यातलं एक दार बाकीच्यांपेक्षा मोठं आहे. ते सगळ्यांच्या वापराचं, झटपट गोठवण्याचं. नवीन आणलेला माल आधी तिथे ठेवायचा, एक दिवस-रात्र, आणि मग आपापल्या कप्प्यात न्यायचा. असं का, हे या गावातल्या बायकांना आता तोंडपाठ झालंय, कारण त्यांना ते शिकवलं गेलंय. मांस सावकाश गोठलं तर त्यातल्या पाण्याचे मोठे स्फटिक होतात, ते पेशी फोडतात, आणि वितळताना सगळा रस ताटात वाहून जातो. झपाट्याने गोठवलं की स्फटिक बारीक राहतात.

तुमच्यासोबत घरची सून आली आहे. एप्रनच्या खिशातून तिने किल्ली काढली, किल्लीला लाकडाचा बिल्ला, बिल्ल्यावर १७. तिने सतरा नंबरचं दार उघडलं आणि पांढरी वाफ खाली घरंगळत तुमच्या बुटांवर आली. आत पुड्या. काही ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळलेल्या, काही त्या काळी नव्यानेच आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, प्रत्येकीवर पेन्सिलीने लिहिलेलं: काय, किती, केव्हा. एक हातात घेऊन बघा. विटेसारखी कडक, आणि काही क्षणांत बोटं चिकटू लागतात. आत चार माणसांना पुरतील एवढ्या मांसाच्या फाका आहेत, गेल्या डिसेंबरातल्या. म्हणजे डुक्कर तेव्हा कापलं आणि मीठ, धूर, हंडा यातलं काहीही न लावता ते नऊ महिन्यांनी जसंच्या तसं उद्याच्या जेवणात येणार. जुलैच्या कापणीतही या घराने ताजं मांस खाल्लं.

सासूला अजून पटलेलं नाही. गोठवलेल्या मांसाला चव नसते, असं ती ठामपणे म्हणते, आणि तिच्या बरण्या ती तळघरातून हलू देत नाही. सूनबाई मात्र ग्रामीण महिला मंडळाच्या वर्गाला जाऊन आली आहे. तिथे घेवड्याच्या शेंगा आधी दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून लगेच गार पाण्यात काढायच्या, मग गोठवायच्या, म्हणजे रंग राहतो, हे तिने वहीत उतरवून घेतलंय. स्ट्रॉबेरी साखरेत घोळून. नाताळात तिने स्ट्रॉबेरीचा केक केला तेव्हा पाव्हणे बराच वेळ केकपेक्षा तिच्याकडेच बघत होते.

कप्प्यांना कुलपं आहेत, पण बोळ सगळ्यांचा आहे, हे ध्यानात घ्या. आत्ता तुमच्या मागून दोघीजणी आल्या. एकीने बावीस नंबरमधून तीन पुड्या काढल्या आणि दुसरीने ते पाहिलं. रविवारी बावीस नंबरकडे पाहुणे आहेत हे आता संध्याकाळपर्यंत गावाला कळेल. सून स्वतःच्या पुड्या पिशवीच्या तळाशी घालते आणि वर कोबी ठेवते. तळघरातल्या बरण्या कुणाला दिसत नव्हत्या; दुसरीकडे, विहिरीवर आणि बेकरीच्या भट्टीवर भेटणाऱ्या बायकांना भेटायला ही नवी जागा मिळाली. गोठवणखोलीने माणसं एकत्र आणली असं म्हणणारे आणि तिने प्रत्येकाला आपापल्या कप्प्यात कोंडलं असं म्हणणारे, दोघंही याच बोळात उभे राहून बोलत असतात. मला विचाराल तर दुसऱ्यांचं म्हणणं जास्त वजनाचं वाटतं. इथे सामाईक काय आहे ते बघा. यंत्र सामाईक, भिंत सामाईक, विजेचं बिल सामाईक. मांस नाही. आणि ज्या दिवसापासून दीडशे किलो मांस एका घराला आपल्यापाशीच ठेवता येऊ लागलं, त्या दिवसापासून शेजारी डबा पाठवण्यामागची निकड संपली. रसाचं पाणी अजून जातं, रीत म्हणून. ताजा तुकडा मात्र लहान होत चाललाय.

तरीही या खोलीचा पाया कुणाचा हे पाहायला एक लांबची उडी मारू. अशा खोल्या काही गावांत ग्रामपंचायत चालवते, काही गावांत दूधसंकलन केंद्र, आणि बऱ्याच गावांत रायफायझन सोसायटी.

१८४७ चा हिवाळा, इथून फार लांब नाही, वेस्टरवाल्ड डोंगरातलं वायरबुश गाव. पिकं बुडाली आहेत, बटाटे कुजले आहेत, लोक भुकेले आहेत. सरकारने धान्य पाठवलं आहे पण रोखीनेच विकायचा हुकूम आहे, आणि रोख कुणाकडेच नाही. इथला महापौर आहे अठ्ठावीस वर्षांचा फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन. तो हुकूम बाजूला सारतो, धान्य उधार देतो, बऱ्या स्थितीतल्या लोकांकडून पैसे गोळा करून मंडळ काढतो आणि गावाची सामाईक भट्टी बांधतो. तिच्यातला पाव बाजारापेक्षा स्वस्त मिळतो. पुढे १८६४ साली हेडेसडॉर्फला त्याची कर्जसोसायटी उभी राहते, सभासदांनी एकमेकांना जामीन राहून चालवलेली. भट्टीची कल्पना शंभर वर्षांनी उलटी करा: आगीच्या जागी थंडी, आणि तुम्ही पुन्हा सतरा नंबरच्या दारात आहात.

इथे मराठी माणसाने जरा थांबावं, कारण हा धागा आपल्या गावापर्यंत येतो. मद्रास इलाख्यातले अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९५ ते १८९७ या काळात शेतकऱ्यांच्या कर्जावर जो मोठा अहवाल दिला, त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा होता की आपल्यातला रायफायझन शोधा. त्यानंतर १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. आपल्या गावात विकास सोसायटीची जी पाटी असते, तिचं मूळ इथवर जातं. आणि तारखांचा योग बघा. १९५१ च्या जानेवारीत तुम्ही फोगल्सबर्गच्या अंगणात थंडीने काकडत होतात, तेव्हा नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिलाच गळीत हंगाम चालू होता.

पण आपल्या सहकाराने कधी स्वयंपाकघरात पाय ठेवला नाही. ऊस, दूध, कापूस: जे विकायचं ते त्याने एकत्र केलं. गावात सामाईक थंडी आलीच, तर ती डेअरीच्या बल्क कूलरमध्ये आली, गावभरच्या चरव्या एकत्र ओतून चार अंशांवर ठेवलेल्या दुधासाठी, म्हणजे टँकर येईपर्यंत. किंवा मच्छीमार सोसायट्यांच्या बर्फ कारखान्यांत, होड्यांसाठी. दोन्ही माल गावाबाहेर जाणारे. सुनेने नऊ महिन्यांनी उघडायची पुडी त्यात कुठे नाही. तिला आपल्याकडे सुकट होती, खारवलेले बोंबील होते, सांडगे, कुरडया आणि वाटे होते, आणि एवढं असताना गावाने गोठवणखोलीसाठी वर्गणी का काढली असती?

सतरा नंबरच्या आत लावलेला तापमापक उणे अठरा दाखवतो. अठराच का? वीस का नाही? याचं उत्तर अमेरिकेत सापडतं, तिथे फार वेळ घालवायची गरज नाही. अमेरिकी फॅरनहाइट मापातला शून्य म्हणजे आपले उणे १७.८. कुणीतरी तिथे गोल आकडा धरला आणि जगाने तो पाठ केला.

१९४०, आयोवा राज्यातलं एखादं छोटं बाजाराचं गाव. पाच वर्षांपूर्वी, म्हणजे ग्रामीण वीजपुरवठ्याची सरकारी यंत्रणा उभी राहिली त्या वर्षी, अमेरिकेतल्या दहातल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती. म्हणून थंडी गावात, क्रीमरीच्या, म्हणजे लोणी काढणाऱ्या डेअरीच्या, किंवा खाटकाच्या दुकानामागे, आणि शेतकरी आपलं जनावर घेऊन तिथे येतो. खाटीक तुकडे करतो, गुंडाळतो, शिक्का मारतो. इथे बोळाचे लाड नाहीत. दाराशी टांगलेला जाड कोट चढवायचा आणि थेट शून्याच्या खोलीत शिरायचं, जिथे जमिनीपासून छतापर्यंत खण आहेत. श्वास नाकातच गोठतो. आपला खण उघडायचा, हवं ते घ्यायचं, पळायचं. १९५० च्या आसपास अशी ठिकाणं देशभरात दहा हजारांहून जास्त झाली होती. काही वर्षांत घरोघरी वीज पोचली, तिच्या मागून घरचे फ्रीझर आले, आणि त्या ठिकाणांतली उरली ती मुख्यतः खाटकांची दुकानं म्हणून.

हेसनमध्ये हेच व्हायला आणखी वीस वर्षं लागली. १९७२ ला या. समाजघरामागचा बोळ तोच, पण निम्म्या दारांच्या किल्ल्या पंचायतीत परत आल्या आहेत. घरोघरी तळघरात पेटीसारखे लांबट फ्रीझर आले आहेत, आणि ते घेणारी पहिली बाई कोण, तर सतरा नंबरची. सवय तिला इथेच लागली. काय गोठवायचं, कसं गुंडाळायचं, कधीपर्यंत खायचं, हे पंधरा वर्षं सामाईक खोलीत शिकल्यावर तिला आता खोलीची गरज नाही. उरलेल्यांचं गणित मात्र बिघडतं. यंत्र तेवढीच वीज खातं, कप्पे भरलेले असोत की रिकामे. तीस जणांत वाटला जाणारा खर्च पंधरांत वाटला की वर्षाचा हिस्सा दुप्पट होतो, म्हणून आणखी पाच सोडतात, आणि मग यंत्राचा एखादा भाग बदलायची वेळ आली की पंचायतीची सभा बसते. सहकार मोडताना भांडण क्वचितच होतं, वजाबाकीच पुरते. सतरा नंबरच्या दाराआड आता कुणीतरी सायकलीचे पंप ठेवलेत. जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये काही गावांत अशा खोल्या आजही चालतात, बहुतेक ठिकाणी म्हाताऱ्या सभासदांच्या हट्टावर आणि शिकाऱ्यांच्या सोयीवर.

झटपट गोठवायची जी युक्ती सून वर्गात शिकली, ती तिथे कुठून पोचली हे बघायला उत्तरेला जावं लागेल. १९१२ साली क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाचा अमेरिकी गडी लॅब्रॅडोरच्या किनाऱ्यावर गेला आणि कोल्ह्यांच्या कातड्यांच्या धंद्यात पडला. तिथे इन्यूइट लोक बर्फाला भोक पाडून मासा काढत, आणि उणे चाळीसच्या वाऱ्यात तो हातातच गोठून जाई. महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा. बर्ड्सआयने त्यावरून यंत्र केलं, पेटंट घेतली, आणि मार्च १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत गोठवलेल्या पुड्या विक्रीला लागल्या. ज्यांच्याकडून तो हे शिकला, त्यांना कसली सामाईक गोठवणखोली लागणार, असं तुम्हाला वाटेल.

तर चला टुक्टोयाक्टुकला. कॅनडाच्या वायव्य टोकाला, थेट आर्क्टिक समुद्राच्या काठावर. १९६३ नंतरचा एखादा उन्हाळा. हो, उन्हाळा; डास आहेत, तुंद्रा भिजून गेली आहे, आणि बेलुगा देवमासा आत्ताच किनाऱ्यावर ओढला आहे. जोपर्यंत माणसं शिकारीमागे हिंडत होती तोवर साठवण्याचा प्रश्न लहान होता. पण शेजारी शीतयुद्धाचं रडार ठाणं आलं, शाळा आली, दुकान आलं, माणसं एका जागी राहू लागली. मग मांस कुठे ठेवायचं?

जमिनीत. इथे जमिनीखाली काही हातांवर कायमची गोठलेली माती लागते. एका लहानशा लाकडी खोपटात शिरा. मध्ये चौकोनी विवर आहे आणि त्यात उभी शिडी. उतरा. सांभाळून, पायऱ्यांवर बर्फ आहे. सुमारे तीस फूट खाली पाय टेकतो. कंदील वर धरा. भिंतींत बर्फाचे आणि वाळूचे थर एकमेकांत वळसे घेत गेलेत, छताला हिमाचे पातळ पापुद्रे लटकलेत, तुमच्या डोक्याचा धक्का लागला की मानेत पडतात. तीन बोळ, त्यांना लागून एकोणीस खोल्या. प्रत्येक खोली एकेका कुटुंबाची. देवमाशाची कातडी चरबीसकट, रेनडियर, रानबदकं, पांढरा मासा. वीज नाही, यंत्र नाही, बिल नाही. वाटण्याची रीत वर, किनाऱ्यावर, मासा कापताना पाळली जाते. खाली फक्त ठेवण.

हेसनचा बोळ आठवला असेल. तिथली दारं पांढरी होती, इथली लाकडी आहेत, पण रचना तीच: थंडी सगळ्यांची, खोली ज्याची त्याची. पृथ्वीच्या दोन अंगांना माणसांनी एकमेकांना न विचारता हाच तोडगा काढला, यात मला मौज वाटते. ही थंडी मात्र आता पूर्वीइतकी भरवशाची नाही. आर्क्टिक तापतोय, अलास्काच्या उत्तर टोकाला उत्क्याविकमधल्या काही जुन्या बर्फतळघरांत पाणी झिरपू लागलंय आणि मांस खराब झाल्याच्या तक्रारी आहेत. टुक्टोयाक्टुकची ही जागा पर्यटकांना दाखवणंही पुढे धोक्याचं म्हणून बंद झालं.

शेवटचा मुक्काम क्यूबेकच्या उत्तरेला, नूनाविकमध्ये, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. चौदा गावं, रस्त्याने एकमेकांना न जोडलेली. १९७५ साली जेम्स बे आणि उत्तर क्यूबेक करार झाला. धरणांच्या बदल्यात इन्यूइट आणि क्री लोकांना जे हक्क मिळाले, त्यात शिकारीला आधार देण्याचं कलम होतं, आणि १९८२ च्या कायद्याने त्याची योजना झाली. तुम्ही ज्या पत्र्याच्या खोलीसमोर उभे आहात तिचं यंत्र गावच्या डिझेल जनित्रावर चालतं. होय, आर्क्टिकमध्ये गोठवण्यासाठी डिझेल. उन्हाळ्यात दुसरा इलाज नाही.

आत बघा. कप्पे नाहीत. आकडे नाहीत. कुलूप आहे ते बाहेरच्या एकाच दाराला, आणि त्याची किल्ली गावच्या माणसाकडे. मधोमध माशांचे ढीग, कॅरिबूची मांडी, सील, पांढऱ्या तितरांची पोती. शिकारी मासा आणतो, योजनेतून त्याला वजनावर पैसे मिळतात, आणि मग तो मासा सगळ्या गावाचा. दुपारी गावच्या एफएम रेडिओवर जाहीर होतं की ‘आर्क्टिक चार’ जातीचा मासा आलाय. अर्ध्या तासात माणसं येतात. आधी म्हातारी माणसं, मग ज्या घरात शिकारी उरलेला नाही ती बाई, मग बाकीचे. किंमत शून्य. मासा शिजवायचीही घाई नाही. गोठलेला कच्चाच पातळ कापून खातात, त्याला क्वाक म्हणतात.

या खोलीवर इथे वादही आहेत. पूर्वी शिकारी स्वतः घरोघर वाटायचा आणि देणाऱ्याला त्याचा मान मिळायचा. आता सरकारी पैसा मधे आला, मासा कुणाचा हे घेणाऱ्याला कळतही नाही, असं जुनी माणसं म्हणतात. तरुण शिकारी म्हणतो की बर्फावर चालणाऱ्या गाडीचं पेट्रोल, बंदुकीची काडतुसं, होडीचं इंजिन, हे सगळं दुकानातून येतं आणि मानावर गाडी चालत नाही. दोघंही खरं बोलतात. तुमच्यासमोर तो तरुण आपली ढकलगाडी रिकामी करतोय. चार पोती काट्यावर चढली, वजन लिहिलं गेलं, त्याने सही केली, पावती खिशात घातली. पाचवं पोतं त्याने गाडीतून उतरवलंच नाही. ते तो काट्यावर न घालता, नोंद न करता, स्वतः आत्याच्या घरी घेऊन चाललाय.